बारेंडची झुलू

रीटफोन्टेन, कॅल्विनिया
१० मार्च १९९७

आदरणीय झ्वानेबाई,

आपली ओळख नाही. पॉलपीटर्सबर्गच्या आमच्या चर्चच्या पाद्रीसाहेबांनी तुमचं नाव कळवलं. ते लिहितात, "इथल्या शाळेत एकोणतीस वर्षं अफ्रिकान्स शिकवलेल्या एक झुलू बाई आहेत, आता निवृत्त झाल्यात. त्यांच्याइतकी शुद्ध अफ्रिकान्स मला पाद्र्यालाही येत नाही." म्हणून धीर करून लिहिते आहे.

माझे यजमान बारेंड स्ट्राउस तुमच्याच भागातले. बिवाने नदीच्या काठी त्यांच्या वडिलांचं शेत होतं. आई सदा आजारी, त्यामुळे एका झुलू बाईनंच त्यांना वाढवलं. सात वर्षांचे झाले आणि शाळेच्या वसतिगृहात घातलं, तेव्हा त्यांना घरच्या अफ्रिकान्सपेक्षा झुलूच बरी यायची, असं सासूबाई सांगायच्या. पुढं ते इकडं कारूच्या माळावर मेंढ्या पाळायला आले, माझ्याशी लग्न केलं. एकेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी झुलू ऐकली ती फक्त ट्रॅक्टर रुतल्यावर.

जानेवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तीन आठवडे वाचा नव्हती. मग एका सकाळी बोलायला लागले, आणि मी देवाचे आभार मानेपर्यंत लक्षात आलं की बोलतायत ते झुलू. तेव्हापासून झुलूच. अफ्रिकान्सचा एक शब्द नाही, माझं नावसुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधीकधी. नंतर शिकलेलं आधी वाहून जातं.

इकडे कुणाला झुलू येत नाही. आमचे गडीही अफ्रिकान्सच बोलतात. पोलीस ठाण्यातला एक शिपाई झुलूच्या जवळची खोसा बोलणारा, त्याला घेऊन आले. तो ऐकून म्हणाला, "बाई, साहेब पाणी मागतायत." तेवढं मलाही कळलं होतं.

ते माझ्याकडे बघून बोलतात आणि उत्तराची वाट बघतात. मी मान हलवते. मग तेच पुन्हा मोठ्यानं बोलतात, बहिऱ्याशी बोलावं तसं. मला ऐकू येतं हो, झ्वानेबाई. कळत नाही.

रोज येणारे काही शब्द जसे ऐकू आले तसे लिहिते. "इ-ट्क-आंडा", मधला आवाज बाटलीचं बूच उडाल्यासारखा. "वूला." आणि "कुयाबांडा." शिव्या असल्या तरी कळवा. मी शेतकऱ्याची बायको आहे. आमच्याकडे फोन आहे, कॅल्विनिया एक्स्चेंजला सांगून रीटफोन्टेन मागायचं, पण अनोळखी बाईला फोनवर गाठणं बरं वाटेना.

आपली,
आलेटा स्ट्राउस


एडुम्बे, पॉलपीटर्सबर्ग
२४ मार्च १९९७

आदरणीय स्ट्राउसबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, एकदा भाषेसाठी. निवृत्त झाल्यापासून मला अफ्रिकान्समध्ये आलेलं हे पहिलं पत्र. वीजबिल मी धरत नाही.

शिव्या नाहीत. तुमचं "इ-ट्क-आंडा" म्हणजे इकांडा, अंडं. जिभेचा टाळ्यावर तो आवाज काढायला मी माझ्या गोऱ्या मुख्याध्यापकांना नऊ वर्षं शिकवत होते, तुम्ही एका पत्रात कागदावर उतरवलात. "वूला" म्हणजे उघड. "कुयाबांडा" म्हणजे थंडी आहे. खिडकी उघडही म्हणतात आणि थंडी वाजते असंही म्हणतात. पुरुष आहेत, दोन्ही हवं असतं.

आमची भाषा तुमच्या कानाला अवघड जाते कारण आम्ही एका शब्दात अख्खं वाक्य बसवतो. कोण, काय, कधी, कुणाला, सगळं एकमेकांना चिकटून. तुम्ही लोक शब्द सुटे सुटे ठेवता, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. मात्र "नाही" म्हणताना तुम्ही एकदा म्हणून थांबत नाही, वाक्याच्या शेवटी पुन्हा म्हणता. माझी पोरं विचारायची, "बाई, हे दोनदा 'नाही' का म्हणतात?" मी सांगायचे, "पहिल्यांदा कुणी ऐकलं नसेल."

शब्द पाठवत राहा. मला इथे वेळच वेळ आहे. मालक वारले. मुलगा वुसुमुझी जोहान्सबर्गला मोठ्या हुद्द्यावर आहे. शेजारीण मला हाक मारते ती "ए बोअरांच्या बाई" म्हणून, गोऱ्यांची भाषा शिकवली ना. मी ओ देते.

आपली,
थोलाकेले झ्वाने


रीटफोन्टेन
८ एप्रिल १९९७

प्रिय झ्वानेबाई,

पत्र वाचता वाचता उठले आणि दोन अंडी उकडली. ताटली पुढं ठेवून म्हटलं, "इकांडा." माझ्याच्यानं तो आवाज निघाला नाही, नुसतं "इकांडा" निघालं. बारेंडनं माझ्याकडं बघितलं आणि रडायला लागले. मग दोन्ही खाल्ली, रडत रडतच. अडीच महिने मी त्यांना लापशी भरवत होते.

आता नवीन शब्द, आठवडाभर सारखा चाललाय: "इतांगा." सकाळी उठल्यापासून. जरा रागानंच म्हणतात.

एक विचारू? आमच्यात पोरं आईबापाला "तू" म्हणत नाहीत, "तुम्ही"सुद्धा नाही. "पा, पाला भूक लागली का? पा जेवणार का?" असं बापाचंच नाव पुन्हा पुन्हा घेतात. तुमच्यात काय? बारेंड माझ्याशी बोलतात ते मानानं बोलतात की कसं, हे मला कळतच नाही. आवाज तर मऊ असतो.

आपली,
आलेटा


एडुम्बे
१९ एप्रिल १९९७

प्रिय आलेटाबाई,

इथांगा म्हणजे भोपळा. आता त्यांना भोपळा हवाय, आणि तो कसा करायचा हे मी बोअर बाईला शिकवायला नको. दालचिनी जास्त घाला.

आमच्यात "तू" एकच. राजालाही तू, कुत्र्यालाही तू. मान त्याच्या आधी लावलेल्या शब्दात असतो: मा, बाबा, आजी. म्हणून त्यांनी तुम्हाला तू म्हटलं तरी वाईट वाटून घेऊ नका. आधी काय लावतात तेवढं ऐका.

वर्गात पोरांना मी सांगायचे, अफ्रिकान्समध्ये शब्दाला शेपूट लावून काहीही छोटं करता येतं. घर छोटं, रस्ता छोटा, बायको छोटी. आपल्याकडेही येतं. दोन्ही भाषांना छोट्या वस्तूंची माया आहे. हे ऐकून माझा मुलगा, तोही तेव्हा माझ्याच वर्गात होता, मागच्या बाकावरून म्हणाला, "आणि त्यांच्या बंदुकाही छोट्या असतात का, बाई?" सगळा वर्ग हसला. अफ्रिकान्सची सक्ती नको म्हणणाऱ्या शाळकरी पोरांवर सोवेटोत गोळ्या चालल्या, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. त्यानं माझ्या विषयाचा पेपर कोरा दिला. मी शून्य दिलं. दुसरं काय देणार?

आपली,
थोलाकेले


रीटफोन्टेन
२ मे १९९७

प्रिय झ्वानेबाई,

भोपळा जमला नाही. उकडून दिला, फेकला. दालचिनी-साखर घालून भजी तळली, ताटली भिरकावली. आता भोपळा दिसला की डोळे मिटतात, आणि तरी दिवसभर "इतांगा, इतांगा." चांगल्या हातानं पांघरुणावर बडवतात. मला वाटतं चवीत काहीतरी कमी पडतंय. त्यांना वाढवणाऱ्या बाई भोपळा कशात शिजवायच्या, राखेत भाजायच्या का? कळवा.

काल पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, "बारेंड, हा आख्ख्या जिल्ह्यातला शेवटचा भोपळा आहे!" त्यांनी डोळे उघडले. नंतर हळू आवाजात पुन्हा म्हणाले. शब्द तोच, पण शेवटाला सूर वर नेला.

फार थकले आहे.

आलेटा


रीटफोन्टेन
१७ मे १९९७

प्रिय थोलाकेलेबाई,

तुमचा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. लाइन खरखरत होती आणि एक बाई माझ्या भाषेत ओरडत होती, "मांडी! भोपळा नाही, मांडी! पांघरूण काढून मांडी बघा!" मला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय.

तशीच पिठाच्या हातानं गेले. उजवी मांडी सुजून टंच झालेली, लाल, हात लावला तर चटका. त्या पायाला जाणीव नाही असं सांगितलं होतं, म्हणून आंघोळ घालताना मी तो पुसून घ्यायचे आणि झाकायचे. डॉक्टर तासाभरात आले. रक्ताची गाठ होती. म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर ती वर सरकली असती. आठ दिवस दवाखान्यात होतो. कालच परत आलो.

पाच आठवडे तो माणूस दुखतंय म्हणून सांगत होता आणि मी त्याला भजी चारत होते.

तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एक मागणं आहे, जमलं तर बघा. फोन ठेवायच्या आधी तुम्ही म्हणालात, "त्यांच्या कानाला लावा," आणि दोन मिनिटं त्यांच्याशी बोललात. त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. रविवारी दुपारी तुम्हाला येता येईल का फोनपाशी? फोन मीच करीन, तुम्ही फक्त नंबर कळवा.

तुमची,
आलेटा


एडुम्बे
२९ मे १९९७

प्रिय आलेटाबाई,

चूक माझी. दोन्ही शब्द लिहायला एकच. फरक फक्त सुरात, एकात आवाज वर जातो तिथं दुसऱ्यात खाली येतो. कागदाला सूर नसतो, हे मी शिक्षिका असून विसरले. तुम्ही लिहिलंत की शेवटाला सूर वर नेला, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून तो शब्द मोठ्यानं म्हणून बघितला, आणि चपलासुद्धा न घालता मूसांच्या दुकानाकडे पळाले. या वयात.

रविवारी चार वाजता मी मूसांच्या दुकानातल्या फोनपाशी असेन. नंबर खाली दिला आहे.

बारेंड छान बोलतात. जुनी झुलू, नदीकाठची. माझी आजी वापरायची ते शब्द त्यांच्या तोंडून आले. मला "मा" म्हणतात. विचारत होते, गुरं आली का, नदीला पाणी किती आहे. मी सांगितलं, गुरं आली, पाणी गुडघ्याएवढं आहे. खोटं बोलले, पण कुणाचं नुकसान झालं नाही.

तुमची,
थोलाकेले


रीटफोन्टेन
२२ जून १९९७

प्रिय थोलाकेले,

तीन रविवार झाले. फोन त्यांच्या कानाशी उशीवर ठेवते आणि मी बाहेर ओसरीवर जाऊन बसते. दार लोटलेलं असतं. आतून त्यांचं बोलणं येतं, हसणं येतं. मागच्या खेपेला इतके हसले की खोकला लागला. लग्नानंतर पहिली काही वर्षं असे हसायचे.

खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो. कडाक्याची थंडी पडलीये, सगळं रान पांढरं पडलंय, आणि मी माझ्याच घराच्या ओसरीवर कोट घालून बसलेय, आत माझा नवरा परक्या बाईशी बोलतोय म्हणून. तुमच्यावर राग नाही. हे वाटतं आणि मग लाज वाटते.

मला थोडं शिकवाल? फार नको. झोप लागली का, दुखतं का, असं चार शब्दांपुरतं.

आणि सांगा, ते माझ्याबद्दल काही बोलतात का? रोज सकाळी मी पडदा सरकवला की माझ्याकडे बघून म्हणतात, "उंगुबानी?" अगदी मऊ आवाजात. मी म्हणते, "सुप्रभात, बारेंड." हे तेच ना? सकाळचं काहीतरी?

आलेटा


एडुम्बे
५ जुलै १९९७

प्रिय आलेटा,

वाक्यं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, खाली सूर कुठे वर न्यायचा त्याच्या खुणा केल्या आहेत. पहिलीच्या मुलांसारखं मोठ्यानं म्हणा. मेंढ्यांपुढे म्हणा, त्या हसत नाहीत.

तुमच्याबद्दल बोलतात. म्हणतात, हात हलका आहे, रागावत नाही, चहा चांगला करते.

"उंगुबानी" ही सकाळची विचारपूसच आहे. हसून "मी बरी आहे" म्हणा. ते वाक्य कागदावर तिसरं आहे.

थोलाकेले


रीटफोन्टेन
२० जुलै १९९७

झ्वानेबाई,

माझ्या मुलीनं, एल्मारीनं, पर्थहून एक पुस्तक पाठवलं. परक्यांसाठी झुलू, चित्रांसकट. चौथ्या पानावर एक पोरगा दुसऱ्या पोराकडे बोट दाखवून विचारतोय: उंगुबानी? खाली अर्थ दिलाय. "तू कोण?"

माझा नवरा रोज सकाळी मला विचारतो, तू कोण. आणि मी आठवडाभर हसून सांगतेय, मी बरी आहे.

फोनवर ते "गोगो" म्हणतात, "एखाया" म्हणतात. हेही पुस्तकात आहे. आजी. घरी. कोणती आजी, कुठलं घर? आणि ते मला सांगायचं नाही हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?

रविवारी फोन करणार नाही.

आलेटा स्ट्राउस


एडुम्बे
३१ जुलै १९९७

आलेटाबाई,

कुणाला विचारलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सगळं.

पहिल्या रविवारीच ते म्हणाले, "मा, या घरात एक आजी आहे. भली बाई आहे. मला जेवू घालते, पाठ पुसते. पण ती कोण ते मला कळत नाही आणि तिला आपली भाषा येत नाही. तिला सांग, तुझी माणसं वाट बघत असतील, आता घरी जा. माझ्यासाठी अडकून बसू नकोस." दर रविवारी हेच सांगायचे. मी म्हणायचे, सांगते.

हात हलका आहे, चहा चांगला करते, हे ते खरंच म्हणाले. तेवढंच मी तुम्हाला दिलं.

आणखी एक. फोन चालू असताना मूसांची बायको गल्ल्यावर बसून ऐकत असते. तिनं विचारलं, "मुलगा का गं तुझा? दर रविवारी करतो, गुणी आहे." मी हो म्हटलं. तुमच्या नवऱ्याच्या तोंडचं "मा" मी माझ्याकडे ठेवून घेतलं, आणि तुमच्या वाटणीचं तुम्हाला दिलं नाही.

थोलाकेले झ्वाने


एडुम्बे
१४ सप्टेंबर १९९७

आलेटाबाई,

उत्तराची अपेक्षा नाही. फक्त बारेंडची तब्येत कशी आहे ते कळलं असतं तर बरं.

मी रविवारी चारला मूसांकडे जाते. मीठ घेते, काडेपेटी घेते. घरात इतक्या काडेपेट्या झाल्यात की शेजारीण म्हणते, "काय गं, गाव पेटवतेस का?" मूसांच्या बायकोनं विचारलं, "मुलगा रागावला का?" मी म्हटलं, कामात आहे.

वुसुमुझी गेल्या महिन्यात आला होता, एका दुपारपुरता, नातवंडांना घेऊन. पोरं गोड आहेत. इंग्रजी बोलतात. धाकटी माझ्या मांडीवर बसून भराभर काहीतरी सांगत होती, मी मान हलवत होते. मग ती तेच मोठ्यानं बोलायला लागली. तेव्हा मला तुमचं पहिलं पत्र आठवलं. मला इंग्रजी येतं, पण शाळेतलं. तिच्या वेगाचं नाही.

निघताना मुलानं कपाटातली माझी अफ्रिकान्स पुस्तकं बघितली. "अजून ठेवलीस?" एवढंच म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर चार वाक्यं तरी बोलला असता.

थोलाकेले


रीटफोन्टेन
६ ऑक्टोबर १९९७

थोलाकेले,

बारेंड गेले. सत्तावीस सप्टेंबरला पहाटे, झोपेत. मागच्या टेकडीवर त्यांच्या आवडीच्या जागी ठेवलं.

तुझ्यावर राग धरून मी दोन आठवडे काढले. मग वाटलं, मी तरी काय केलं असतं? हे तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तुझ्या पत्रातलं ते वाक्य मला पाठ झालं होतं, "तिला सांग, आता घरी जा," आणि मला त्याचं उत्तर माझ्या तोंडानं द्यायचं होतं. तुझ्याकडून लिहून घेऊन नाही. म्हणून पुस्तक घेऊन बसले. ऑगस्ट सगळा त्यात गेला.

रोज सकाळी ते विचारायचे, तू कोण. मी सांगायचे, मी आलेटा. ते म्हणायचे, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या दोघांची ओळख एका चुलतभावानं चर्चच्या दारात एकदा करून दिली होती, ती तेवढी पुरली होती. आता रोज करून द्यायची. सवय झाली. कधीकधी बरंही वाटायचं.

गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना सूप पाजलं आणि भांडी घेऊन उठले. ते म्हणाले, आजी, तुझी माणसं वाट बघत असतील. या वेळी मला प्रत्येक शब्द कळला. मी पाठ केलेलं म्हणाले. माझं घर हेच. माझं माणूस हेच. सूर बरोबर लागला की नाही देव जाणे. त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. कपाळाला आठ्या घालून, मेंढीचा भाव करताना बघायचे तसं. मग म्हणाले, "ह्लाला."

मी भांडी खाली ठेवली आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. ते डोळे मिटून पडले. आणखी काही बोलले नाहीत. 

पुस्तकात बघितलं. ह्लाला म्हणजे बस. आणि त्याच ओळीत पुढे: राहा, वस्ती कर. थोलाकेले, ते मला काय म्हणाले? खुर्ची रिकामी होती म्हणून बस म्हणाले, की राहा म्हणाले? तू त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त ऐकलंयस.

एल्मारी आली आहे. पर्थला चल म्हणते. शेताला गिऱ्हाईक आहे, माझी खोली तयार आहे. महिनाअखेर सांगायचंय. ती म्हणते, "मा, इथं माला कोण आहे?" तिला मी ह्लालाचं सांगितलं नाही. तिला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलं.

या वेळी खरं तेच लिही.

आलेटा


एडुम्बे
१८ ऑक्टोबर १९९७

आलेटा,

तुझं पत्र हातात घेऊन मी बराच वेळ दारात उभी होते. मग आत जाऊन दार लावून रडले. माझ्या मुलाच्या वयाचा नव्हता तो, माझ्यापेक्षा मोठाच होता, पण मला मा म्हणत होता.

तू खरं तेच लिही म्हणतेस. खरं हे आहे की मला माहीत नाही. यात सुराचाही फरक नाही. बस, राहा, जगत राहा, आमच्याकडे सगळ्याला एकच शब्द. पाहुण्याला दारात म्हणतो, ह्लाला. नव्या सुनेला म्हणतो, ह्लाला. तो ज्या घरात वाढला तिथं हा शब्द दिवसातून दहा वेळा दोन्ही अर्थांनी कानावर पडला असेल, आणि हे दोन अर्थ आहेत हे कुणाच्या मनातही आलं नसेल. तो त्यातला कुठला म्हणाला हे मी सांगितलं तर ते पुन्हा माझ्या मनचं होईल. एकदा तसं करून झालंय.

एवढं सांगते. तो दर रविवारी मला म्हणायचा, तिला घरी पाठव. त्या संध्याकाळी तू बोललीस त्यानंतर तो पुन्हा तसं म्हणाला नाही.

वर्गात मी अफ्रिकान्समधला "ब्लेय" शिकवायचे तेव्हा फळ्यावर दोन अर्थ लिहायचे. राहणे. आणि आनंदी. एक पोरगी होती, नेहमी खिडकीजवळ बसायची. तिनं विचारलं, "बाई, म्हणजे त्यांच्यात जो राहतो तो आनंदी असतो का?" मी म्हटलं, व्याकरणात असतो.

तेव्हा पर्थला जा किंवा जाऊ नकोस, पण एका शब्दावर ठरवू नकोस. तो म्हणाला आणि तू बसलीस, आणि सकाळपर्यंत उठली नाहीस, असं मी तुझ्या पत्रावरून धरून चालले आहे. त्याच्या बाजूनं जे काही मागणं होतं ते तू पुरं केलंस, बस असो की राहा.

मूसांकडे अजून जाते. तुझ्याशी कधी अफ्रिकान्समध्ये धड बोलले नाही, ते एकदा "मांडी, मांडी" म्हणून ओरडले तेवढंच. माझे उच्चार आता गंजले असतील.

थोलाकेले


रीटफोन्टेन
९ नोव्हेंबर १९९७

थोलाकेले,

एल्मारी गुरुवारी परत गेली. मेंढ्या विकल्या, चराईचं रान शेजारच्याला खंडानं दिलं. घर ठेवलं. तिला सांगितलं, मी राहते. ती म्हणाली, "कुणासाठी, मा?"  ती रडली, मग रागावली, मग माझ्या सगळ्या चादरी धुऊन इस्त्री करून गेली.

मी सकाळपर्यंत उठले नव्हते, हे तू बरोबर धरलंस.

घर फार शांत आहे. कुठलीच भाषा नाही. पडदा सरकवते तेव्हा कुणी विचारत नाही, तू कोण. पहिले काही दिवस मी तरी सांगायचे. आता नाही सांगत.

गेल्या रविवारी तू फोन केलास तेव्हा आपण दोघी किती वेळ नुसत्या "हॅलो, हॅलो" करत होतो. मग तू पावसाचं विचारलंस आणि मी मेंढ्यांचं सांगितलं. तुझे उच्चार गंजलेले नाहीत. माझ्या आईसारखे आहेत, जुन्या वळणाचे. मूसांच्या बायकोला काय सांगितलंस, कोणाला फोन?

ती खुर्ची मी हलवलेली नाही, पलंगाशेजारीच आहे. संध्याकाळी दिवे लावून झाले की तिथं जाऊन बसते. फोन वाजला तर तिथून ऐकू येतो.

तुझी,
आलेटा